शाळा उघडण्याआधी : फोन, टीव्ही आणि आपली वही

(आपल्या प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेत एका निवृत्त मुख्याध्यापिका ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ताई स्वतः गटाच्या सदस्य आहेत. ज्या सख्या सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



मला विषय दिलाय, ‘शाळेतलं तंत्रज्ञान आणि नव्या वर्षाची तयारी’. विषय ऐकून मागच्या रांगेत कुजबुज झाली, की हे गुरुजींचं काम, आपलं काय त्यात? तर सुरुवात तिथूनच करते.

तुम्ही दर आठवड्याला बैठक घेता. हजेरी लावता, पैसे मोजता, वही लिहिता. एखादीचा हप्ता राहिला तर लगेच विचारता, ‘काय गं, काय अडचण झाली?’ शाळेत आलेल्या टीव्हीची, टॅबची, संगणकाची अशी विचारपूस कोणी करतं का? पहिल्या दिवशी नारळ फुटतो, पाहुणे येतात, फोटो निघतात. दुसऱ्या वर्षी त्यावर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर बोटभर धूळ. कुठं वीजबिल थकलेलं, कुठं वायर उंदरानं कुरतडलेली, कुठं चावी बदलून गेलेल्या गुरुजींच्याच खिशात. वस्तू चांगली असते, पण तिची चौकशी करणारं कोणी नसतं. आपल्या दशसूत्रीत शिक्षण हेही एक सूत्र आहे. मला आज एवढंच सांगायचंय, की गटात जी शिस्त आपण पाळतो, तीच शाळेच्या दारापर्यंत न्यायची.

पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन

किराणा दुकानात पैसे देताना आपण ज्या चौकोनासमोर फोन धरतो, तसाच चौकोन मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्याला क्यूआर कोड म्हणतात. हा पुस्तकात कसा आला, ते ऐका.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी होते. पुस्तकातली भाषा मुलांच्या घरची नव्हती, बऱ्याच घरांत कन्नड बोललं जायचं. गुरुजी स्वतः ती भाषा शिकले, पुस्तकं मुलांना समजतील अशी केली आणि त्यात क्यूआर कोड टाकले. कोड उघडला की कविता ऐकू येई, धडा दिसे. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. २०२० साली गुरुजींना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

ही गोष्ट पुरस्कारासाठी सांगत नाही. गुरुजींनी आधी मूल पाहिलं, त्याला काय कळत नाही ते पाहिलं, मग फोन हातात घेतला. आपणही हाच क्रम ठेवायचा. मूल कुठं अडलंय? वाचनात, पाढ्यात, की इंग्रजीत? ते ठरवा, मग फोन उघडा.

वापरायला अवघड काही नाही. फोनमध्ये ‘दीक्षा’ ॲप घ्यायचं, ते फुकट आहे. माध्यम आणि इयत्ता निवडायची. पुस्तकातल्या कोडवर कॅमेरा धरायचा. त्या धड्याचा व्हिडिओ किंवा सराव समोर येतो. रेंज नसेल तर? बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की पुढच्या आठवड्याचे धडे उतरवून घ्या, घरी नेट नसतानाही पाहता येतात. पुस्तक फाटलं, पावसात भिजलं, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पूर्ण पुस्तक फुकट मिळतं. कोणी ‘पीडीएफसाठी पन्नास रुपये द्या’ म्हणालं तर देऊ नका.

शाळेत जाऊन काय विचारायचं

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायला हव्यात. म्हणजे तिथली खुर्ची आपल्या हक्काची आहे. पण कितीतरी ठिकाणी बाईचं नाव कागदावर आणि खुर्चीवर तिचा नवरा. गटात आपण हे चालू देतो का? मग तिथंही चालू द्यायचं नाही.

शाळा उघडल्यावर पहिल्याच बैठकीत हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

१. शाळेत कोणकोणती यंत्रं आहेत आणि त्यातली आज किती चालू आहेत?
२. वीजबिल भरलंय का? ते कोण भरतं?
३. कोणत्या वर्गाला, आठवड्यातून किती वेळा ती वापरायला मिळतात?
४. बटणाला हात कोणाचा लागतो? सगळ्या मुलामुलींचा, की दोन-तीन हुशार मुलांचाच?
५. बिघाड झाला तर दुरुस्तीला कोणाला सांगायचं आणि पैसा कुठला?

चौथा प्रश्न लहान वाटतो, पण तो सोडू नका. मी पस्तीस वर्षं वर्ग पाहिलेत. संगणक एक आणि पोरं वीस असली की मुलं पुढं सरकतात, मुली मागून मान उंचावून बघतात. पाळी लावून दिली तरच मुलीचा हात यंत्राला लागतो.

विचारताना आवाज मात्र आपलेपणाचा ठेवा. गुरुजी आणि बाईंनाही काम थोडं नसतं. पोषण आहाराची माहिती भरा, विद्यार्थ्यांची माहिती भरा, हा फोटो पाठवा, तो पाठवा. दोन शिक्षकी शाळेत एकजण फोनमध्ये अडकला की दोन-दोन वर्ग मोकळे बसतात. ‘आम्ही काय मदत करू?’ असंही विचारा. आपल्या गावातली बारावी झालेली एखादी पोरगी आठवड्यातून दोन तास टॅबच्या तासाला बसली, तरी बाईंना हात मिळतो.

वीजबिल किंवा दुरुस्ती अडली असेल, तर विषय ग्रामपंचायतीकडं न्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यात आहे. त्या सभेत ठराव मांडा आणि गावच्या विकास आराखड्यात शाळेच्या विजेचं काम घाला. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, ठरावाची नक्कल हातात असली की विचारता येतं.

घरात फोन एकच

आता घरातलं बोलू. करोनाच्या वेळी शाळा बंद होत्या, शिक्षण फोनवर आलं, तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. बाप घरी आला की फोन भावाकडं आणि भांडी बहिणीकडं. शाळा उघडल्या, पण ती सवय काही गेली नाही. आजही फोन मागितला की मुलाला लगेच मिळतो. मुलीला मात्र आधी विचारतात, ‘तुला कशाला?’

यावर उपाय म्हणजे वेळापत्रक. भिंतीवर कागद लावा. सोमवारी पोरीची पाळी, मंगळवारी पोराची. अर्धा तास, समोर वही, आणि काय पाहिलं ते दोन ओळींत लिहायचं. लिहिता येत नसेल तर आईला तोंडी सांगायचं. आई शिकलेली नसली तरी ‘आज काय पाहिलंस ते मला समजावून सांग’ एवढं म्हणू शकते. मूल समजावून सांगायला लागलं की त्याचं त्यालाच कळतं, आपल्याला काय आलं आणि काय नाही.

फोन बंद ठेवणं हीसुद्धा तयारीच आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला. आधी काही लोक हसले होते. गावातल्या बायका तयार झाल्या आणि ते जमलं. त्यात एक मेख आहे. मुलाचा फोन बंद ठेवायचा तर त्या दीड तासात आपली मालिकाही बंद. हे जमणार असेल तरच भोंग्याचं नाव काढा!

फोनसाठी कर्ज काढायचं का?

जून आला की गटात फोनसाठी कर्जाची मागणी येते. माझं मत सांगते, निर्णय तुमच्या गटाचा. प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी वेगळा फोन घ्यायला कर्ज काढू नये. दहा हजारांचा फोन घेतला, तर त्यावर हप्ता आला, व्याज आलं आणि दर महिन्याचा रिचार्ज आला. रिचार्ज दोनशे रुपये धरा, वर्षाचे चोवीसशे झाले. तेवढ्यात वह्या, दप्तर, रेनकोट, चप्पल येऊन वर गोष्टीची चार पुस्तकं येतील.

नववी-दहावीच्या पुढं खरंच गरज असेल, तर चारपाच घरांनी मिळून विचार करा. ग्रामसंघाच्या कार्यालयात संध्याकाळी एक तास अभ्यासाला जागा द्या, तिथं एक फोन किंवा टॅब ठेवा आणि एका ताईनं लक्ष ठेवायचं. अवजार बँकेतून मळणी यंत्र आपण वाटून वापरतोच ना? तसंच हे.

पैसा आणि पोरी, दोन्ही जपा

ज्या फोनमध्ये गटाच्या हप्त्याचे पैसे येतात, तोच फोन पोराच्या हातात असतो. म्हणून पैशाच्या ॲपचा पिन मुलाला सांगू नका. ‘शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या आणि शाळेत जाऊन विचारा. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

मुलीला कोणी फोनवरून त्रास दिला, फोटोची धमकी दिली, तर आधी तिला जवळ घ्या. तिचा फोन काढून घेतला किंवा शाळा बंद केली, तर शिक्षा तिलाच झाली. आणि पुढच्या वेळी ती काही सांगणार नाही. आलेले मेसेज पुसू नका, ते पुरावा असतात. मुलांसाठी १०९८ ही मदतीची लाइन आहे. हे दोन्ही क्रमांक आजच वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

शाळा उघडण्याआधी करायची कामं

आपल्याकडं जूनच्या मध्यावर शाळा भरतात, विदर्भात उन्हामुळं थोड्या उशिरा. हातात फार दिवस नाहीत.

• शाळेच्या नोंदीत आईचाही चालू असलेला मोबाईल क्रमांक द्या. बाप ऊसतोडीला किंवा पुण्याला गेला की शाळेचे मेसेज त्याच्याबरोबर जातात.
• आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदीतलं नाव एकसारखं आहे का, ते पाहा. एका वेलांटीपायी पुढं अर्ज अडतो.
• मुलाचं बँक खातं आधारशी जोडून घ्या. बँक सखी मदत करतील.
• पोर आठवीत असेल तर एनएमएमएस परीक्षेचं शाळेत विचारा. सरकारी किंवा अनुदानित शाळा आणि साडेतीन लाखांच्या आतलं उत्पन्न असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. निवड झाली तरी ऑनलाइन अर्ज भरावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते विसरलं तर हाती आलेली शिष्यवृत्ती जाते.
• मूल पहिलीत जाणार असेल तर शाळापूर्व तयारीच्या मेळाव्याला जा आणि माता गटात नाव द्या. तिथं सांगितलेले खेळ घरच्या डाळ-तांदळावर, चमच्या-वाट्यांवर करता येतात. त्याला फोन लागत नाही.

ही पाच कामं आणि शाळेचे पाच प्रश्न प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत वहीत लिहावेत. कोणत्या घरचं काय झालं, काय राहिलं, त्याची खूण करावी. जुलैच्या सभेत ग्रामसंघानं ती वही घेऊन यावं. किती शाळांचे टीव्ही चालू झाले, किती आयांचे क्रमांक नोंदले गेले, ते एकमेकींना सांगू. जिथं अडलं असेल, तिथं प्रभागसंघाच्या ताया सोबत येतील.

कर्जाचा एक हप्ता चुकला तर आपण दुसऱ्या दिवशी दारात उभ्या राहतो. मुलांचं वर्ष तर त्याहून मोठी ठेव आहे. तेवढ्याच हक्कानं शाळेच्या दारातही उभ्या राहू या.