उत्पत्तिकथेचा अर्थ



आदिलाबाद जिल्ह्यातील बेला परिसरात मराठी भाषिकांच्या शेजारी राजगोंड नांदतात. त्यांच्या कथेत महादेवाने गुहेत कोंडलेल्या आदिगोंडांना लिंगोने मुक्त केले आणि त्यांचे गट पाडले. एका गटातील सारे भाऊ. म्हणून सोयरीक गटाबाहेरच होते. उत्तर अमेरिकेतील इरोक्वा लोकांच्या कथेत आकाशातून पडणाऱ्या स्त्रीला पक्षी झेलतात, जलचर तळाची माती आणतात आणि कासवाच्या पाठीवर पृथ्वी आकारास येते.

पृथ्वी कशी झाली, यापेक्षा कोण कोणाचा ऋणी, हेच या कथा सांगतात. ज्यांना त्या भाबड्या वाटतात, त्यांनी आपले गोत्र व कुलदैवत कशाच्या आधारावर मानले, हे स्वतःस विचारावे. गोंडांचा हा वारसा परधान गायकांच्या कंठात आहे. तो कंठ थांबला, तर नात्यांचा लेखच पुसला जाईल.