मडकी आणि माणसे
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, जुनी मडकी आणि जुनी दफने यांवर बोलू. समितीतल्या एका काकांनी लगेच हरकत घेतली. म्हणाले, अहो, गणपतीच्या मांडवात मढ्यांचा विषय कशाला? आम्ही म्हटले, काका, अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्षच लागतो, आपण चार दिवस आधी बोलतो एवढेच. त्यावर काका हसले आणि परवानगी मिळाली.

आम्ही पुरातत्त्वाचे पदवीधर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा, सरकारी नोकरी, आणि वीसेक वर्षे हातात टेप नि लेव्हल. पण जमीन खोदणे हे आमचे रोजचे काम आहे, आणि जमीन खोदली की कधीकधी खापरे निघतात. त्या खापरांमुळे आम्ही या विषयाच्या नादी लागलो. जे वाचले आणि जे पाहिले ते सांगतो.

सुरुवात पुणे जिल्ह्यातून करू. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० एवढ्या काळात तिथे शेतकऱ्यांचे गाव नांदत होते. लोखंड अजून आलेले नव्हते. तांबे होते, पण जपून वापरावे इतकेच. शंभराहून जास्त घरे सापडली आणि अडीचशेहून जास्त दफने. यातली बहुतेक दफने लहान मुलांची आहेत. हा आकडा वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. त्या गावात किती घरांतून पाळणा रिकामा झाला असेल, याचा तो हिशेब आहे.

मूल गेले की ते लोक त्याला गावाबाहेर नेत नसत. घरातच, जमिनीखाली खड्डा करायचा. राखाडी रंगाची दोन जाडसर मडकी घ्यायची, त्यांत मुलाला ठेवायचे, आणि मडकी तोंडाला तोंड लावून आडवी निजवायची. बरोबर लहान वाडगे, तोटीचे भांडे असे काहीबाही ठेवायचे. मग वरून जमीन सारवायची आणि त्याच जमिनीवर संसार चालू. आई ज्या चुलीपाशी बसते, तिच्या हाताच्या अंतरावर ते मूल. यात भीती दिसत नाही. मूल घरातच राहावे असे वाटत असणार, असे आम्हाला वाटते.

मोठ्या माणसाची रीत वेगळी होती. त्याला खड्ड्यात उताणे, उत्तरेकडे डोके करून ठेवत, आणि घोट्यापासून पाय तोडत. हो, तोडत. ढवळीकरांनी याचा अर्थ असा लावला की मेलेल्याने उठून चालत दुसरीकडे जाऊ नये. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात म्हणून आजी सांगायची. भुताच्या पायांची काळजी आपल्या लोकांना फार जुनी आहे असे दिसते!

पण एक माणूस मात्र वेगळा निघाला. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर, जवळ धान्याची कोठी, आणि अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण. तो भाजलेला नाही, कच्चा. त्यात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. कोठीजवळचे घर, चार पायांचा रांजण आणि न तोडलेले पाय, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणून अभ्यासक म्हणू शकले की हा गावचा प्रमुख असावा. सोने नाही, शिक्का नाही, लेख नाही. लिपीच नव्हती. फक्त कोण कुठे आणि कशात ठेवला आहे, एवढ्यावरून गावात लहानमोठेपण होते हे कळले.

आजच्या बोलण्याचा मुद्दा हाच आहे. मडके सापडणे ही अर्धी गोष्ट. ते उभे होते की आडवे, तोंड कोणीकडे, खाली काय, वर काय, शेजारी कोण, ही उरलेली अर्धी, आणि किंमत तिला आहे. मडके उचलले की ही अर्धी गोष्ट संपली. ती पुन्हा मांडता येत नाही.

भांड्यांबद्दल थोडे सांगतो, कारण इथे कुंभारवाड्यातली मंडळीही बसली आहेत. इनामगावच्या लोकांची चांगली भांडी 'जोर्वे' पद्धतीची. हे नाव संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून पडले, तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले होते. तांबूस-नारिंगी रंग, त्यावर काळ्या रेघांची नक्षी, आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. इनामगावला कुंभाराची गोल भट्टीही सापडली. पुढे इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊसमान बिघडले असे अभ्यासक मानतात. त्या थरात भांड्यांवरची नक्षी कमी होते, घडण ढिली पडते, आणि चौकोनी मोठ्या घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. दुष्काळ गावात आला की तो कुंभाराच्या हातातही दिसतो.

आता आपल्या बाजूला येऊ. गुडीहत्नूरच्या दारावरून जो हायवे जातो तोच पुढे नागपूरला पोचतो. नागपूरजवळ काटोल रस्त्याच्या बाजूला जुनापाणी म्हणून ठिकाण आहे. तिथे मोठ्या दगडांची गोल वर्तुळे आहेत, एक-दोन नाहीत, शेकड्यांनी. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच ती उकरून पाहिली. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे शिस्तीत काम केले. या वर्तुळांच्या पोटात माणसांची हाडे, लोखंडाची हत्यारे, तांब्याची भांडी आणि मडकी मिळतात. माहुरझरीला माणसाबरोबर घोडा पुरलेला सापडला, त्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. हे लोक इनामगावच्या नंतरचे, साधारण इसवी सनापूर्वी ८०० ते ४०० या काळातले. तेलंगणातही अशा दफनांची कमी नाही. सिद्दीपेट भागात नर्मेट्टा इथे २०१७ साली उत्खनन झाले तेव्हा वरची शिळा काढायला क्रेन लावावी लागली.

या लोकांचे खास भांडे म्हणजे काळे-तांबडे. आत काळे, गळ्यापाशी काळे, आणि खाली बाहेरून तांबडे. एकाच भांड्याला दोन रंग, आणि रंग लावलेला नाही, भाजणीतून आलेला. सर्वसाधारण समज असा की भांडे भट्टीत पालथे ठेवत. तोंड राखेत-भुश्यात दडपले गेले की तिथे हवा पोचत नाही, तो भाग काळा पडतो. उघडा भाग हवा मिळून तांबडा होतो.

अगदी त्याच सुमारास तिकडे इटलीत एत्रुस्कन लोक हवा बंद करून संपूर्ण काळी, चकचकीत भांडी भाजत होते. त्यांना 'बुक्केरो' म्हणतात. त्यांच्या आधीच्या पिढ्या मेलेल्याला जाळून राख मडक्यात ठेवत आणि मडक्यावर वाडगे पालथे घालत. योद्धा असेल तर वाडग्याच्या जागी शिरस्त्राण. काही मडकी तर चक्क झोपडीच्या आकाराची, छप्पर आणि दार असलेली. म्हणजे मेलेल्याला पुन्हा घरच दिले. इनामगावच्या आईने मुलाला घरात मडक्यात ठेवले, तिकडे मडक्याचेच घर केले. यांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती, आणि कुणी कुणाचे शिकले असे आम्ही म्हणत नाही. हल्ली मोबाईलवर असे दावे फार फिरतात, त्यापासून सावध राहा.

एत्रुस्कनांचे नाव घेतले याचे आणखी एक कारण आहे. तिथे थडगी फोडून माल विकणाऱ्यांचा मोठा धंदा चालतो. १९७१ मध्ये चेर्वेतेरी गावाजवळच्या थडग्यातून एक चित्र काढलेले मोठे ग्रीक भांडे चोरीला गेले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते पुढच्या वर्षी दहा लाख डॉलरला घेतले. बरीच भांडणे होऊन २००८ मध्ये ते इटलीला परत आले. भांडे परत आले, पण ते कोणाच्या उशाला होते, शेजारी काय होते, हे सगळे त्या चोरांबरोबर गेले.

आमच्याकडे चोर इतके हुशार नाहीत, पण परिणाम तोच. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यात एका तलावाच्या गाळाचे काम चालू होते. जेसीबीच्या बकेटला मडके लागले असा फोन आला. आम्ही पोचेपर्यंत तासभर गेला असेल. तेवढ्यात मडक्याचे तुकडे तुकडे झाले होते. निम्मी माणसे गुप्तधन शोधत होती आणि निम्मी घाबरून लांब उभी होती. कुणीतरी लिंबू कापून टाकले होते. खापरे हातात घेतली तर आत काळी, बाहेर तांबडी. हाडांचा चुरा मातीत मिसळलेला. ते एकटेच होते की चार होती, उभे होते की आडवे, सांगायला कुणी नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, सोने नव्हते हो त्यात. आम्ही म्हटले, बाबा, यांत सोने नसतेच. इनामगावच्या अडीचशे दफनांनी श्रीमंत झाला असा माणूस आम्ही अजून ऐकलेला नाही.

मंडळी, मडके आणि मरण यांची गाठ आपल्यातही सुटलेली नाही. स्मशानात कर्ता मुलगा खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन फेरे घालतो, दर फेऱ्याला दगडाने त्याला भोक पाडतात, आणि शेवटी ते मागे टाकून फोडतात. अक्षय्यतृतीयेला आपण पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली करा-केळी पुजतो. गेलेल्या माणसाला तहान लागते आणि ती मातीच्या भांड्यातूनच भागते, हे इनामगावच्या लोकांनाही पटले असते. तेही पुरताना भांडी ठेवतच होते.

आणि लांब कशाला, आपले केसलापूर घ्या. पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते, आपल्यापैकी बहुतेकजण गेलेले आहात. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभार घराण्याने घडवायची, हा मेसराम मंडळींचा पिढ्यांचा रिवाज. गोदावरीचे पाणी झारीतून पायी आणायचे, वाटेत झारी जमिनीवर टेकवायची नाही. केसलापूरला वडाखाली मुक्काम पडतो तेव्हा वर्षभरात गेलेल्या माणसांसाठी विधी होतो, त्याला ते 'तूम' म्हणतात. आपण जत्रेत जातो, पाळण्यात बसतो, जिलेबी खातो आणि येतो. पुढच्या वेळी थोडा वेळ काढून एखाद्या वयस्कर मेसराम दादांना विचारा, मडकी किती, कशासाठी, आणि विधी झाल्यावर त्यांचे काय करतात. फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. पुण्याच्या अभ्यासकांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे विचारता आले नाही, ते आपल्याला वीस-पंचवीस किलोमीटरवर विचारता येते.

आता कामाचे चार शब्द, कारण इथे शेतकरी आहेत, ट्रॅक्टरवाले आहेत, आमच्यासारखे कामावरचेही आहेत. विहीर, शेततळे, पाया खोदताना मडके, हाडे किंवा दगडांचे वर्तुळ लागले तर काम तेवढ्या जागेपुरते थांबवा. उचलू नका, धुऊ नका. जवळ एखादी काठी किंवा फावडे ठेवून मोबाईलवर फोटो घ्या, म्हणजे आकार कळेल. किती फूट खोल लागले ते लिहून ठेवा. मग तहसीलदारांना कळवा. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची दडलेली वस्तू कलेक्टरला कळवावी लागते, हा कायदा १८७८ पासून आहे. अनेकांना वाटते की कळवले तर शेत जाईल. या भीतीपोटी लोक रातोरात दगड बांधावर नेऊन टाकतात. वर्तुळाचे दगड बांधावर गेले की ते नुसते दगड होतात.

पुण्याला शिकणारी मुले-मुली आपल्या बऱ्याच घरांत आहेत. त्यांना येरवड्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात एकदा जायला सांगा. नागपूरला कामानिमित्त जाणाऱ्यांनी तिथले मध्यवर्ती संग्रहालय पाहावे. आम्ही येताना थोडी खापरे आणली आहेत. आमच्या परड्यातल्या फुटलेल्या माठाचीच आहेत, घाबरू नका. आत काळे आणि बाहेर तांबडे कसे होते ते कुंभार दादा आपल्याला आत्ता समजावून सांगतील. त्यांना पुढे येऊ द्या.