यादीतलं नाव



मी जिंतूरचा. परभणीहून चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर, नेमगिरीच्या डोंगराजवळचं आमचं तालुक्याचं गाव. बी.ए. इथंच झालो, कविताही इथंच लिहायला लागलो. घरात आई दखनी बोलते, मी कविता मराठीत लिहितो. त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही, पण लोकांना वाटतं. आणि त्या वाटण्यामुळंच 2024 च्या मार्च महिन्यात, रमजानच्या पहिल्या आठवड्यात, मोहल्ल्यातली चार पोरं तरावीहच्या नमाजानंतर माझ्या दारात आली.

लोकसभेची निवडणूक लागली होती. आमच्या परभणी मतदारसंघात मतदान 26 एप्रिलला होतं. पोरं म्हणाली, "चाचा, तुम्हाला दोन्ही भाषा येतात. चार ओळी लिहून द्या. आपल्या लोकांनी एकजुटीनं मत द्यावं असं काहीतरी. माईकवर वाचू, मोबाइलवर पाठवू."

मी विचारलं, "कुणाला मत द्यावं?"

त्यांनी उमेदवाराचं नाव सांगितलं, आणि मी गप्प बसलो.

श्रोतेहो, मी का गप्प बसलो ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. 1989 साली मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत मी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. बोटाला शाई लागली म्हणून दिवसभर हात धुतला नाही. पण त्याच काळात औरंगाबाद-परभणीकडं एक घोषणा फिरत होती, 'खान हवा की बाण हवा?' बाण म्हणजे शिवसेनेचं धनुष्यबाण. खान म्हणजे कोण, ते सांगायला नको. वर्गातले मित्र ती घोषणा हसत हसत म्हणायचे आणि मग माझ्याकडं बघून म्हणायचे, "तुला नाही रे म्हणत." त्यांचं खरंही असेल. पण घरी येऊन मी आईला ते सांगितलं नव्हतं. तिला ते आधीच ठाऊक होतं.

तेव्हापासून, 1998 चा अपवाद सोडला तर, परभणीची लोकसभेची जागा शिवसेनेकडंच राहिली. आणि आता 2024 मध्ये पोरं म्हणत होती की आपण शिवसेनेच्या संजय जाधव यांना मत द्यायचं. कारण राजकारण उलटंपालटं झालं होतं. 2022 मध्ये शिवसेना फुटली. 2023 च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगानं धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. उद्धव ठाकरे यांचा पक्ष काँग्रेस आणि शरद पवार यांच्यासोबत, मशाल हे चिन्ह घेऊन उभा होता. समोर महायुतीतर्फे महादेव जानकर, त्यांचं चिन्ह शिट्टी. वंचित बहुजन आघाडीनं हवामानाचे अंदाज सांगणारे पंजाबराव डख यांना उभं केलं होतं.

पोरांचा हिशेब पक्का होता. 2019 मध्ये जाधव सुमारे बेचाळीस हजारांनी निवडून आले, तेव्हा वंचितच्या आलमगीर खान यांना जवळपास दीड लाख मतं पडली होती. "मतं फुटली की काय होतं ते तेव्हा बघितलं," पोरं म्हणाली. "या वेळी एकच निशाणी." हिशेब म्हणून त्यात मला चूक दिसत नव्हती.

मी आत गेलो आणि आईला विचारलं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. तिनं सगळं ऐकून घेतलं, तसबीह खाली ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "उन्होंने माफी मांगी क्या?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. पोरांकडंही नव्हतं. त्यांच्यातला एक म्हणाला, "दादी, वो जमाना गया." आई म्हणाली, "तुम्हारा गया होंगा."

मी पोरांना सांगितलं, ओळी लिहून देणार नाही. एक तर कायदा आहे. धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट आचार ठरतो. 2 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा निकालानं सांगितलं की त्यात उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही येतो. आणि ते प्रकरण आपल्या मुंबईतल्याच एका निवडणुकीचं होतं. दुसरं म्हणजे, ज्याचं उत्तर मला आईला देता येत नाही त्याचा नारा मी दुसऱ्याच्या आईला कसा देऊ? पण पोरं हिरमुसली, तेव्हा मी म्हणालो, "नारा नको. याद्या आणा. नावं शोधू."

हे मला सुचलं ते वाचनातून. अमेरिकेत स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतून आलेली फार मोठी वस्ती आहे, तिला तिकडं लॅटिनो म्हणतात. तिकडं पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायलाही राज्याराज्यांत मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. 1968 मध्ये रॉबर्ट केनेडी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचे नेते सेझर चावेझ यांनी पंचवीस दिवसांचा उपवास केला होता. तो सुटला तेव्हा केनेडी त्यांच्याशेजारी येऊन बसले होते. मग प्रायमरी आली, आणि हे मजूर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात दारोदार फिरले, आपल्या भाषेत बोलले, लोकांना मतदानाला घेऊन गेले. 4 जूनला केनेडी जिंकले. त्या रात्री मंचावर त्यांच्याजवळ मजुरांच्या पुढारी डोलोरेस व्हेर्ता उभ्या होत्या. भाषण संपलं, मध्यरात्र उलटली आणि थोड्याच वेळात केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. 6 जूनला ते गेले.

ज्याच्यासाठी एवढे उंबरे झिजवले तोच राहिला नाही. मजुरांना मळेवाल्यांशी करार मिळाले ते 1970 मध्ये, स्वतःच्या संपाच्या आणि बहिष्काराच्या बळावर. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलो होतो.

पुढं 1974 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ गावात विली वेलास्केझ नावाच्या माणसानं वेगळीच वाट धरली. उमेदवार कोण हे बाजूला ठेवून त्यानं मतदार नोंदणीची संस्था काढली. तिचं घोषवाक्य स्पॅनिशमध्ये होतं, त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं मत हाच तुमचा आवाज. 1988 मध्ये तो ऐन चव्वेचाळिशीत वारला. पण तोवर गावोगावच्या शाळासमित्यांवर आणि नगरपालिकांवर त्याची माणसं निवडून येऊ लागली होती.

तर आम्ही याद्या आणल्या. मुदत फार नव्हती. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस 4 एप्रिल, आणि नाव नोंदवायचे अर्ज त्याच्या दहा दिवस आधीपर्यंतचेच धरले जातात. म्हणजे आमच्या हातात जेमतेम दहा रात्री. तरावीहनंतर एका दुकानाच्या ओट्यावर सतरंजी टाकायची, चहा आणायचा आणि यादी वाचायची.

श्रोतेहो, मतदार यादी कधी नीट वाचली आहे का? मी कवी माणूस, पण इतकं लक्ष देऊन मी कुणाचा संग्रहही वाचला नसेल. आमच्याकडं नावं लिहायची पद्धत अशी, की शेख रहीम शेख करीम. यादीत त्याचं कुठं 'शे.' होतं, कुठं 'शेख' हेच नाव होतं आणि रहीम हे आडनाव. एकाच गल्लीत चार शेख रहीम. बायकांचं तर विचारू नका. माहेरच्या यादीत नाव आहे, सासरच्या नाही. 'बी' सुटलं तर ओळखपत्राशी नाव जुळत नाही. कुणी बारा वर्षांपूर्वी वारलेलं, ते यादीत जिवंत. कुणी ओट्यावर आमच्याशेजारी चहा पीत बसलेलं, त्याचा पत्ताच नाही. कुणाची चूक ते शोधत बसलो नाही. नवीन नावासाठी सहा नंबरचा अर्ज, दुरुस्तीसाठी आठ नंबरचा, एवढं पोरांना तोंडपाठ झालं.

या दहा रात्रींत मला एक गोष्ट कळली. 'मुस्लिम मत' असं जे वर्तमानपत्रांत छापून येतं, ते मला यादीत कुठं सापडलं नाही. बागवानाचं म्हणणं भाजीबाजारातल्या जागेचं. कुरेशी म्हणाला, 2015 मध्ये गोऱ्ह्या-बैलांच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हापासून धंदा बसला, त्याचं कोण बोलणार? मणियार म्हणाला, बांगड्या कोण घालतं आता. पिंजाऱ्याच्या पोराला पुण्यात कंपनीत कायम व्हायचं होतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, येलदरी धरण एवढं जवळ, मग आमच्या नळाला पाणी का नाही? तिकडं अमेरिकेतही हेच. फ्लोरिडातला क्यूबाकडचा, टेक्सासातला मेक्सिकोकडचा आणि न्यूयॉर्कमधला पोर्तो रिकोचा, बाहेरून बघणाऱ्याला सगळे लॅटिनो, आणि मतं तीन तऱ्हांची. 2008 मध्ये ओबामांनी 'होय, आपल्याला जमेल' अशी जी घोषणा दिली, तसलीच घोषणा द्राक्षमळ्यांतल्या मजुरांची 1972 पासूनची. पण कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीत बहुसंख्य लॅटिनोंनी मत दिलं हिलरी क्लिंटन यांना. नारा लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आमच्या मोहल्ल्यातून पुष्कळ अर्ज गेले. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी जेवायला बसलो होतो. पोरांनी खूण करून दिलेली यादी हातात होती. सहज म्हणून आमच्या घराचं पान काढलं. माझं नाव होतं. बायकोचं होतं. मुलाचं होतं. आईचं नव्हतं.

2021 मध्ये आम्ही जुनं घर सोडून या गल्लीत आलो. आमची नावं बदलून आणायचे अर्ज मीच भरले होते. आई तेव्हा आजारी होती, तिचं नंतर करू म्हटलं, आणि ते नंतर राहूनच गेलं. जुन्या घराच्या यादीत शोधलं, तिथूनही नाव गेलेलं. स्थलांतरित म्हणून कमी झालं असणार. दहा रात्री मी दुसऱ्यांच्या आया शोधत होतो, आणि स्वतःच्या घराचं पान उघडलं नव्हतं. यात दुसऱ्या कुणाला बोल लावायला जागा नव्हती.

आईला सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "चलो, अच्छा हुआ. मेरेकू सोचना नहीं पडा." पण 11 एप्रिलला ईद झाली आणि त्यानंतर एकदा ती आपणहून म्हणाली, "पचास साल से नाम था मेरा."

ईदला आलेली पुण्या-हैदराबादची पोरं कामावर परत गेली होती. 26 एप्रिलला शुक्रवार होता, जुम्याचा दिवस, वर मराठवाड्यातलं ऊन. आम्ही फक्त एवढंच सांगत फिरलो, की सकाळीच मत देऊन या, मग जुम्याला जा. कुणाला द्या, ते मी कुणाला म्हटलं नाही. पुण्याहून काही पोरं रातोरात आली. बायकांची रांग सातलाच लागली होती. आई दारात खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीचं बोट बघत होती.

4 जूनला निकाल लागला. जाधव सुमारे 1 लाख 34 हजार मतांनी निवडून आले. ज्यांनी एके काळी 'बाण' ऐकून घराची कवाडं लावली होती, त्यातल्या पुष्कळांनी मशालीचं बटण दाबलं असणार. गुप्त मतदान आहे, मी पैज लावणार नाही. पोरांनी गुलाल उधळला. आईचा प्रश्न तिथंच राहिला. मला वाटतं, तो निवडून आलेल्यांनीही कधीतरी स्वतःला विचारावा, आणि आम्हीही आमच्या मतापुरता विचारावा, की आम्ही कुणाला निवडलं, की फक्त कुणाला तरी टाळलं?

एक मात्र केलं. जुलैमध्ये आईचा सहा नंबरचा अर्ज मी स्वतः भरला. फोटो काढायला तिला घेऊन गेलो. नाव आलं, 'बी'सकट बरोबर आलं.

20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. या वेळी ओट्यावर सतरंजी पडली नाही. पोरांचा उत्साह जूनमध्येच संपला होता, काही जणांनी आम्ही पाठवलेली चिठ्ठीसुद्धा बघितली नाही. आमची जिंतूरची जागा 2019 ला पाच हजारांहून कमी मतांनी ठरली होती, आणि 2024 लाही पाच हजारांहून कमी मतांनीच ठरली. कोण जिंकलं, कोण हरलं, त्यावर मी इथं बोलत नाही. पण पाच हजार म्हणजे किती, हे ज्यानं रात्री बसून यादी वाचली त्याला कळतं. दोन-चार मोहल्ले, बस्स.

आईला रिक्षानं घेऊन गेलो. वाटेत तिनं विचारलं, "ये कौनसा इलेक्शन है?" मी समजावून सांगितलं. कोण कोण उभे आहेत तेही सांगितलं. तिनं मध्येच थांबवलं. "नाम पढ लूंगी मैं." तिला मराठी वाचता येतं, हे मी विसरलोच होतो. जिंतूरच्याच शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती.

ती आत गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर तिनं बोट उन्हात धरून बघितलं आणि म्हणाली, "स्याही फिकी लगाई रे इन्होंने."



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)