परगावच्या ठेकेदाराची निविदा

पत्रिकेत विषय छापला होता ‘सार्वजनिक खरेदी आणि नागरिक’. पण वक्ते निवृत्त लेखापरीक्षक. प्रास्ताविक चालू असतानाच त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रांची कात्रणे काढून टेबलावर मांडली, तेव्हाच जाणत्या श्रोत्यांनी ओळखले की संध्याकाळ निविदा सूचनांवरच जाणार.

दोन लिफाफे कशाला असतात, ई-निविदा कुठे पाहायची, हे सारे ‘आपल्याला माहीतच आहे’ म्हणून दोन वाक्यांत आटोपले. निम्म्या सभागृहाला यातले काही ठाऊक नसावे. उरलेले निम्मे ठेकेदार आहेत, असे वक्त्यांनीच सांगून पहिला हशा वसूल केला.

त्यांचा आग्रह एकच. सूचनेचा दर्जा ठरवताना भ्रष्टाचाराचे पुरावे शोधत बसू नका. कार्यालयात एकही ओळख नसलेला परगावचा ठेकेदार डोळ्यांपुढे आणा. सूचना आणि निविदा संच एवढेच वाचून त्याला दर भरता येतील का? काम काय, कुठे, अंदाजपत्रकीय रक्कम किती, बयाणा किती, पात्रता कोणती, शेवटची तारीख कोणती? यातली एखादी गोष्ट समजून घ्यायला त्याला साहेबांना भेटावे लागत असेल, तर सूचना नापास.

मग एक कात्रण वाचले गेले. रस्ता डांबरीकरणाचे. गाव त्यांनी सांगितले नाही. श्रोत्यांनी आपापले धरले. अट अशी, की जागेची पाहणी केल्याचा अभियंत्याच्या सहीचा दाखला जोडावा. “म्हणजे निविदा कोण कोण भरणार, ही यादी लिफाफे उघडण्याआधीच टेबलावर तयार!” पुढची अट ‘तत्सम कामाचा अनुभव’. तत्सम म्हणजे फक्त डांबरी रस्ता, की काँक्रीटचाही चालेल? सूचना गप्प. ते लिफाफे उघडल्यावर, माणूस पाहून ठरणार.

पहिल्या रांगेतल्या एका अभियंत्यांना राहवले नाही. अनुभव नसलेला माणूस पडत्या दराने काम घेऊन अर्ध्यावर पळाला, तर जाब आम्हालाच विचारतात, असे ते जागेवरूनच म्हणाले. टाळ्याही पडल्या. वक्ते थोडे नरमले. अट हवीच, पण कामाच्या मापाची हवी, म्हणत त्यांनी केंद्रीय दक्षता आयोगाच्या डिसेंबर २००२ च्या परिपत्रकाचा हिशेब फळ्यावर मांडला. काम १ कोटीचे असेल, तर मागच्या ७ वर्षांत ८० लाखांचे एक, ५० लाखांची दोन किंवा ४० लाखांची तीन तत्सम कामे पुरी केलेली असावीत. ३ वर्षांची सरासरी उलाढाल किमान ३० लाख. ‘तत्सम’ची व्याख्या आधीच स्पष्ट लिहावी, हेही त्यात आहेच.

इथून गाडी मुंबईच्या विमानतळावर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

जानेवारी १९७७. विमानतळ प्राधिकरणाने दुय्यम दर्जाचे एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार ३ वर्षे चालवायला देण्यासाठी सूचना काढली. निविदा भरणारा दुय्यम दर्जाचा नोंदणीकृत हॉटेलचालक हवा, अनुभव किमान ५ वर्षांचा. सहा निविदा आल्या. महिना ६,६६६ रुपये ६६ पैशांचा आकडा सर्वांत वरचा. पण तो देणाऱ्याचा अनुभव कँटीनचा, हॉटेलची तशी नोंदणी नव्हती. तरीही ठेका त्यालाच. मग न्यायालयात कोण गेले? ज्याने निविदा भरलीच नव्हती तो! त्याचे म्हणणे, ही अट अशी सैल होणार हे ठाऊक असते तर मीही भरली असती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या रमणा शेट्टी निकालात न्या. भगवती यांनी सांगितले, की स्वतः घातलेली अट प्राधिकरणाला स्वतःलाही बंधनकारक आहे. “सूचना वाचून जो घरी बसला, त्याचाही त्या सूचनेवर हक्क असतो!” वक्त्यांचा आवाज चढला होता.

अर्जदाराला मिळाले काय, असे मागून कोणीतरी विचारले. काहीच नाही. तो उशिरा आला, त्याचा हेतूही न्यायालयाला शुद्ध वाटला नाही, आणि तोवर ठेकेदाराचे सव्वा लाख रुपये साहित्यावर खर्च झाले होते. सभागृहात हशा. वक्त्यांना मात्र हा हशा रुचला नाही. तत्त्व टिकले ना, असे ते दोनदा म्हणाले.

तेवढ्यात वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. कामाचे तुकडे पाडणे, ऐन शेवटच्या दिवशी निघणारी शुद्धिपत्रके, एकाच कंपनीला बसतील अशी तांत्रिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे नुसते वाचून झाले. मुदतीवर एकच वाक्य: केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत जाहीर निविदेला साधारण किमान ३ आठवडे दिले आहेत.

आयोजक आभाराला उठले असताना एका तरुण नगरसेविकेने विचारले, एकच निविदा आली तर ती रद्दच करायची का? वक्ते पुन्हा माईकपाशी आले. केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचना सांगतात, की एकुलती निविदाही वैध ठरू शकते. मात्र प्रसिद्धी नीट झालेली हवी, मुदत पुरेशी हवी, पात्रतेच्या अटी विनाकारण आवळलेल्या नसाव्यात आणि दर बाजारभावाला धरून हवा. “यातल्या पहिल्या तीन गोष्टी कुठे तपासाल?” असे म्हणत त्यांनी ते डांबरीकरणाचे कात्रणच तिच्या हाती दिले.