स्वतंत्र व्यावसायिकाचा लॅपटॉप : खरेदीपूर्वीचा विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले. आणि आज लॅपटॉपच्या खरेदीवर बोलावयाचे, हे कित्येकांस विचित्र वाटले असेल. आमच्या मते मात्र विषय अगदी घरचा आहे. पन्नास वर्षांपूर्वी जबलपुरातील मराठी कुटुंबे बहुतांशी पगारावर जगत. कोणी गन कॅरेज फॅक्टरीत, कोणी खमरियाला, कोणी रेल्वेत, कोणी तार खात्यात. पहिल्या तारखेस वेतन हाती येई आणि कामाचे हत्यार मालकाचे असे. टेबल सरकारी, टंकलेखनयंत्र सरकारी, टाचणीसुद्धा सरकारी. आज याच घरांतील मुले-मुली करसल्लागार, वकील, वास्तुविशारद, भाषांतरकार म्हणून स्वतंत्र व्यवसायात उतरत आहेत. हत्यार आता स्वतःच्या पैशाने घ्यावयाचे आहे, आणि तीन पिढ्या पगारावर गेलेल्या घरास या खरेदीची सवय नाही. मुलगी म्हणते, दुकानदाराने अमुक सांगितले. वडील म्हणतात, पुण्यास काकांना विचारू. काका म्हणतात, आमचा तर कंपनीने दिला आहे, आम्हांस काय ठाऊक!

आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत खरेदीचे कागद पुष्कळ तपासले. २०१६ साली ‘जेम’ हे शासकीय खरेदीचे दालन सुरू झाले, त्याच्या आधीची निविदांची पद्धतही पाहिली आणि नंतरचीही. दोन्हींत एक गोष्ट कायम राहिली. मागणीपत्र मोघम असले की न्यूनतम दराचा पुरवठादार नेमकी मोघम वस्तूच आणून देतो, आणि नियमाप्रमाणे ती स्वीकारावी लागते. घरच्या खरेदीतही घोडे पेंड खाते ते येथेच. आपण दुकानात शिरतो, किंमत विचारतो, आणि मग त्या किमतीत काय मिळते ते आपले काम म्हणून स्वीकारतो. क्रम उलटा हवा. आधी एका कागदावर आपले काम लिहावे.

आपल्याच मंडळातील एका कन्येचे उदाहरण तिच्या संमतीने घेतो. नोकरी सोडून तिने करसल्लागाराचा व्यवसाय मांडला. जवळ होते ७० हजार रुपये, तेही बचतीतले. तिच्या कागदावर आम्ही लिहवून घेतले ते असे : टॅलीप्राइम, एक्सेलची मोठाली पत्रके, ब्राउझरमध्ये एकाच वेळी उघडी असलेली दहा-पंधरा पाने, पक्षकारांची पीडीएफ कागदपत्रे, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, आठवड्यातून तीन दिवस पक्षकारांच्या दुकानी जाणे, आणि देवनागरीतील पत्रव्यवहार. चित्रफितींचे संपादन नाही, खेळ नाहीत. एवढे लिहिल्याबरोबर दुकानातील निम्मी यंत्रे आपोआप बाद झाली. खेळांसाठी बनविलेला, स्वतंत्र ग्राफिक्सचा जाडजूड लॅपटॉप तिला दाखविण्यात येत होता. तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तोच एखाद्या वास्तुविशारदास, त्रिमित आराखडे करणारास, योग्य ठरला असता.

आता प्रोसेसर. दुकानात सर्वाधिक बोलणे याच्यावर होते आणि सर्वाधिक फसगतही याच्यावरच होते. ‘आय-७ म्हणजे आय-५ पेक्षा वरचढ’ हे वाक्य अर्धेच खरे आहे, कारण कोणत्या पिढीचा आणि कोणत्या वर्गाचा हे त्यात येत नाही. नावाच्या शेवटचे ‘यू’ अक्षर कमी वीज खाणारा वर्ग दाखविते, ‘एच’ अधिक जोराचा. जुन्या पिढीच्या चार कोरांच्या आय-७ पेक्षा नंतरचा आठ कोरांचा आय-५ पुष्कळ कामांत सरस असतो. एएमडी कंपनीचे उदाहरण तर अधिक बोधप्रद आहे. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावे ऐकून सामान्य ग्राहकास दोहोंत उन्नीस-बीसचा फरक वाटेल. वस्तुतः ७००० च्या मालिकेत तिसरा अंक मूळ रचना सांगतो. पहिल्यात तो २, म्हणजे २०१९ साली आलेली झेन-२ रचना आणि कोर चार. दुसऱ्यात तो ३, म्हणजे तिच्या पुढची झेन-३ आणि कोर सहा. ७००० हा आकडा २०२३ सालचे नवेपण मिरवितो, आणि आतला आराखडा मात्र चार वर्षे आधीचा! हे कंपनीने लपविलेले नाही, पण पाटीवर ठळकही केलेले नाही. म्हणून प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, कागदावर उतरवून घ्यावे आणि घरी येऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्याची माहिती पाहावी. दुकानदार घाई करू लागला तर दुसरे दुकान पाहावे.

इतके करूनही आमचे मत असे की करसल्लागार, वकील, भाषांतरकार यांच्या कामात प्रोसेसरपेक्षा रॅम अधिक निर्णायक आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी लागते असे मायक्रोसॉफ्ट सांगते. त्या किमानावर यंत्र सुरू होते, व्यवसाय नव्हे. ८ जीबीत टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकत्र उघडले की यंत्र धापा टाकू लागते. आज नव्या यंत्रात १६ जीबी हाच आरंभ मानावा. ‘आता ८ घ्या, पुढे वाढवू’ असा सल्ला मिळाला तर लगेच विचारावे : रॅम स्लॉटमध्ये बसविलेली आहे की मुख्य बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली? ‘एलपीडीडीआर’ अशी नोंद असल्यास ती बहुधा बोर्डावर पक्की असते आणि जन्मभर वाढविता येत नाही. मघाशी सांगितलेल्या ७५२०यू ची गत तीच आहे. शिवाय २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव एकाएकी चढले, तेव्हा ‘पुढे स्वस्त होईल’ या आशेवर बसलेल्यांची पंचाईत झाली.

येथे आमचा एकूण हिशेब सांगतो. जे नंतर बदलता येते त्यावर फार डोके शिणवू नये. एसएसडी ५१२ जीबीची पुरते, आणि बहुतेक यंत्रांत ती बदलता येते. माउस, पिशवी, ध्वनिवर्धक ही तर किरकोळ बाब. पण स्क्रीन, कळफलक, बोर्डावरची रॅम, जोडणीच्या खाचा आणि आपल्या शहरातील दुरुस्तीची सोय ही यंत्राबरोबर कायमची येतात. पैसा तेथे घालावा.

स्क्रीनच्या बाबतीत या कन्येपुढे खरा पेच होता. १५.६ इंची यंत्रात उजवीकडे आकड्यांचा स्वतंत्र कळसंच मिळतो, आणि आकडेमोड करणाऱ्याच्या बोटांस त्याची सवय असते. १४ इंचीत तो सहसा नसतो. मात्र वजन कमी आणि १९२० गुणिले १२०० ची उभट स्क्रीन असेल तर पत्रकाच्या दोन-चार ओळी अधिक दिसतात. तिने १४ इंची घेतला, आणि काही शे रुपयांत आकड्यांचा सुटा कळसंच घेऊन घरी टेबलावर ठेवला. घरी २४ इंची मॉनिटर जोडण्यासाठी एचडीएमआयची खाच हवी, तीही पाहिली. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्सची स्क्रीन पक्षकाराच्या दुकानातील दारालगतच्या उजेडात फिकी पडते, ३०० च्या वर असल्यास बरे. रंगांच्या अचूकतेचे आकडे छायाचित्रकारांनी पाहावेत.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन जुन्या रुंद यूएसबी खाचेत बसते. काही सडपातळ यंत्रांत ती खाचच नसते, मग एक जोडतुकडा लोंबकळत ठेवावा लागतो, आणि नेमका तो घरी विसरतो. याच ओघात ॲपलच्या मॅकबुकविषयी विचारणा होते. यंत्र उत्तम आहे, बॅटरी दीर्घ चालते. भाषांतरकारास आम्ही ते सुचवूही. पण टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे, आणि करखात्याच्या स्वाक्षरीच्या कामांत विंडोजची वाट अधिक मळलेली आहे.

कळफलक दुकानात उभ्याने टंकून पाहण्यास संकोचू नये. पादत्राणे आपण पाय घालून पाहतो की नाही? देवनागरीसाठी आम्ही इनस्क्रिप्टचा आग्रह धरतो. त्याची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली आणि विंडोजमध्ये ती मुळातच उपलब्ध आहे, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. या प्रांतात हिंदीत कामकाज आणि घरी मराठी, अशा आपल्यासारख्यांस तिचा एक लाभ आहे : तीच बोटे दोन्ही भाषांस चालतात. ‘ल’ च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘ळ’, ‘र’ च्या कळीवर दाबले की ‘ऱ’. आमच्या कार्यालयात मराठी आडनावांतील ‘ळ’ चा ‘ल’ करून ठेवणारे काही कमी नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

उष्म्याविषयी दोन शब्द. बहुतेक उत्पादक यंत्राच्या वापरासाठी सभोवतालच्या तपमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. यंत्र स्वतःस वाचविण्यासाठी वेग कमी करते आणि आपण त्यास खराब म्हणतो. गादीवर ठेवून तळाची हवा कोंडू नये. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. त्याच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावा. बॅटरीचे आकडे तासांत सांगितले तर विश्वास ठेवू नये, वॅट-तासांत विचारावे. ५० वॅट-तासांची बॅटरी सरासरी ८ वॅट खर्चाने सहा तासांवर जाते, हे कोणीही कागदावर करून पाहू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. नोकरदाराचा संगणक बिघडला तर तो कार्यालयात चहा पितो. स्वतंत्र व्यावसायिकाचा बिघडला तर त्याचे कार्यालयच बंद होते. आमच्या एका परिचिताचे बिजागर जुलै महिन्यात तुटले. यंत्र परगावच्या सेवाकेंद्रात गेले आणि विवरणपत्रांची मुदत ३१ तारखेस संपेपर्यंत आले नाही. पक्षकार थांबले नाहीत. त्यांतील काही पुन्हा परतलेही नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी विचारावे : हमीत दुरुस्ती घरी येऊन होते, की यंत्र आपण पोचवावयाचे? आपल्या पिनकोडवर ती सेवा खरोखर मिळते काय? येथील केंद्राचा पत्ता घेऊन एकदा जाऊन यावे. साध्या हमीत पडझड व सांडलेले पाणी धरत नाहीत, ते संरक्षण निराळे घ्यावे लागते. या कन्येने वरच्या प्रोसेसरचा मोह सोडून ते पैसे तीन वर्षांच्या घरपोच हमीत घातले. आम्हांस तो निर्णय फार आवडला.

जुने यंत्रही मोडीत काढू नये, आडवेळेस ते उपयोगी पडते. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी सर्वसाधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचे यंत्र लागते. वापरलेले यंत्र विकत घेतानाही हीच रेघ लक्षात ठेवावी. पक्षकारांच्या कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दूरस्थ साठ्यात असावी; आणि यंत्रावरील माहिती सांकेतिक कुलुपात असेल तर त्याची पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवावी.

शेवटी बिल. लॅपटॉपवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, म्हणजे ५९ हजारांच्या यंत्रात ९ हजार कराचे. नोंदणीकृत व्यावसायिकास ती रक्कम वजावटीस मिळू शकते. मग घसारा उरलेल्या ५० हजारांवर काढावयाचा. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या नियमांत संगणकावरील घसाऱ्याचा दर ४० टक्के होता, आणि वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाल्यास त्याच्या निम्मा. त्यामुळे दिवाळीच्या सवलतीचा आणि या नियमाचा मेळ एकदा घालून पाहावा. अनुमानित पद्धतीने कर भरणारास घसारा वेगळा मिळत नाही. परंतु हे सारे बिलावर व्यावसायिकाचे नाव व नोंदणी क्रमांक असेल तरच. आपल्या घरांत होते असे की पैसे वडील देतात, आणि कौतुकाने बिलही स्वतःच्या नावे करवून घेतात. पैसे जरूर द्यावेत. दुकानात नाव मात्र मुलीचे सांगावे.