ऐरणीविना भट्टी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटलं होतं. या व्यासपीठावर प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात. आम्ही पडलो डिप्लोमावाले, राज्य सरकारच्या एका स्टोअरमध्ये बावीस वर्षं माल मोजणारे. चिटणीस म्हणाले, "तुम्हाला जे कळतं त्यावरच बोला." आम्हाला कळतं ते एवढंच: माल मागवणं, मोजून घेणं, सांभाळणं आणि वेळेवर देणं. बडोदेकरांना कोठी म्हणजे काय हे सांगायला नको. आज एका कोठीचीच गोष्ट सांगतो, फक्त ती सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली आहे.

अमेरिका तेव्हा नुकतीच उभी राहत होती. वॉशिंग्टन पहिले अध्यक्ष, हेन्री नॉक्स युद्धमंत्री. १७९० च्या कायद्याने मंजूर झालेले शिपाई अवघे १२१६. त्याच कायद्यात रोजचा शिधाही ठरवून दिला होता: माणशी एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, थोडी रम किंवा व्हिस्की, आणि दर शंभर शिध्यांमागे मीठ, व्हिनेगर, दोन पौंड साबण, एक पौंड मेणबत्त्या. कागद अगदी चोख. आमच्याकडेही कागद चोखच असतो.

हा शिधा सरकार स्वतः पुरवत नसे, ठेका दिला जाई. ठेकेदाराला दर शिध्यामागे ठरलेला भाव. १७९१ ची मोहीम निघाली तेव्हा तो ठेका विल्यम ड्युअर नावाच्या न्यूयॉर्कच्या बड्या सटोडियाकडे आला होता. युद्धमंत्री नॉक्स यांची जमिनींच्या व्यवहारात त्याच्याशी भागीदारी होती. सरकारी आगाऊ रक्कम ड्युअरने आपल्या सट्ट्यात फिरवली आणि सीमेवरच्या त्याच्या माणसांपर्यंत पैसा फारच थोडा गेला.

मोहीम होती ओहायो नदीच्या उत्तरेला. तिथल्या मायामी, शॉनी वगैरे मूळ रहिवाशांच्या जमिनीवर नव्या सरकारचा डोळा होता आणि ते लोक ती सोडायला तयार नव्हते. सेनापती आर्थर सेंट क्लेअर. माल फिलाडेल्फियात बनायचा, गाड्यांतून डोंगर ओलांडून पिट्सबर्गला जायचा, तिथून नावेने ओहायो नदीतून खाली फोर्ट वॉशिंग्टनला, म्हणजे आजच्या सिनसिनाटीला. हे सगळं ज्यांनी जुळवायचं ते क्वार्टरमास्टर म्हणजे सॅम्युअल हॉजडन. आमचे व्यवसायबंधूच म्हणा. सेनापती बोलावून बोलावून थकले, पण हॉजडन फोर्ट वॉशिंग्टनला पोहोचले १० सप्टेंबरला. तोवर उन्हाळा संपला होता.

आणि माल काय आला? खोगिरं फिलाडेल्फियाहून आली, ती घोड्यांना मोठी झाली. कुऱ्हाडी कमी आल्या, आणि सैन्याला तर जंगल तोडत वाट काढायची होती. दोन फिरत्या लोहारी भट्ट्या आल्या, पण त्यांच्याबरोबर ऐरणच नव्हती.

मंडळी, हे आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. काही वर्षांपूर्वी विश्वामित्रीला पूर आला होता त्या दिवसांत आमच्याकडे पाणी उपसायचे सहा पंप आले. नवे कोरे, प्लास्टिकही न काढलेले. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मोजून घेतले आणि रजिस्टरात लिहिलं, "पंप, नग सहा, मिळाले." सही केली. पंप वस्तीत पोहोचले तेव्हा कळलं की सक्शनचा पाइप बरोबर नाही. पाइपची ऑर्डर वेगळी, ती दुसऱ्या शाखेने काढायची, आणि ती निघालीच नव्हती. लोक वरच्या मजल्यांवर बसून त्या सहा पंपांकडे बघत होते. चौकशी झाली ती सही करणाऱ्याची. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. रजिस्टरातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. आम्ही सगळे तेव्हा त्यांच्या बाजूने बोललो, पण बेताबेतानेच, हेही इथे सांगायला हवं.

परत ओहायोकडे येऊ. शिधा वेळेवर पोहोचेना, थंडी पडली, भाडोत्री शिपाई पळून जाऊ लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस साठेक जणांची एक टोळी पळाली. मागून येणारा शिध्याचा तांडाच ती लुटेल अशी भीती सेनापतींना वाटली. म्हणून त्यांनी आपली सगळ्यात कसलेली तुकडी, पहिली रेजिमेंट, तांड्याच्या रक्षणाला मागे धाडली. ४ नोव्हेंबर १७९१ च्या पहाटे लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या योद्ध्यांनी छावणीवर हल्ला केला तेव्हा ती तुकडी तिथे नव्हती. सुमारे चौदाशे लढवय्यांपैकी सहाशेहून अधिक सकाळभरात मारले गेले. मूळ रहिवाशांकडून अमेरिकी सैन्याचा एवढा मोठा पराभव पुढे कधी झाला नाही.

संसदेने चौकशी समिती नेमली. सरकारच्या कारभाराची अमेरिकी संसदेने केलेली ही पहिली चौकशी. १७९२ मध्ये समितीने सेनापतींना दोषमुक्त केलं आणि ठपका ठेवला ठेकेदारावर व क्वार्टरमास्टरवर. ड्युअर तोवर सट्ट्यात बुडून कर्जापायी तुरुंगात गेला होता. १७९९ मध्ये मेला तोही कैदी म्हणूनच.

हॉजडन यांच्याबद्दल आमचं मत विचाराल तर आम्ही त्यांना सोडणार नाही. भट्टी पाठवताना ऐरण कुठे आहे हे विचारणं क्वार्टरमास्टरचंच काम. पण ठेका दिला अर्थखात्याने, मोहीम आखली युद्धखात्याने, मंत्र्याची भागीदारी ठेकेदाराशी. आणि नॉक्स आपल्या खुर्चीवर १७९४ च्या अखेरपर्यंत होते.

यातून सरकार शिकलं का? अर्धं शिकलं. १७९२ मध्ये सैन्याची सगळी खरेदी अर्थखात्याकडे दिली. १७९४ मध्ये शस्त्रागारांचा कायदा झाला, स्प्रिंगफील्डचा बंदुकीचा कारखाना उभा राहिला, आणि लष्करी भांडार सांभाळायला वेगळा अधिकारी नेमला. कोण? तेच सॅम्युअल हॉजडन. (हसू नका, काम येणारा माणूस सरकारला सहजासहजी सोडवत नाही.) १७९५ मध्ये खरेदीसाठी परव्हेयर हे पद निर्माण झालं, त्यावर टेंच फ्रान्सिस आले. म्हणजे मागणी युद्धखात्याची, खरेदी अर्थखात्याच्या माणसाची, आणि भांडार तिसऱ्याचं. आमच्या इंडेंटवर तीन शिक्के का लागतात हे आता कळलं असेल.

१७९८ मध्ये फ्रान्सशी युद्ध होणार असं वाटू लागलं तेव्हा ही घडी परत अपुरी पडली. जुलैत कायदा बदलून खरेदी युद्धखात्याकडे आणावी लागली. बंदुकांची टंचाई एवढी, की त्या उन्हाळ्यात सत्तावीस खासगी ठेकेदारांना मिळून चाळीस हजारांवर बंदुकांची ऑर्डर दिली गेली. त्यातला एक एली व्हिटनी, कापसाची सरकी काढायच्या यंत्राचा संशोधक. त्याने जन्मात बंदूक बनवलेली नव्हती. यंत्राच्या खटल्यांत तो कर्जबाजारी झाला होता. त्याला दहा हजार बंदुका दोन वर्षांत द्यायच्या होत्या, प्रत्येकी १३ डॉलर ४० सेंट, पाच हजार डॉलर आगाऊ. पहिल्या पाचशे आल्या १८०१ मध्ये आणि शेवटच्या १८०९ मध्ये. मधे १८०१ साली त्याने राजधानीत मोठं प्रात्यक्षिक केलं: या बंदुकीचा भाग त्या बंदुकीला बसतो बघा! सगळे थक्क झाले. पुढे अभ्यासकांनी त्याच्या बंदुका उघडून तपासल्या तेव्हा भाग काही एकमेकांना नीट बसेनात. नमुना वेगळा आणि पुरवठा वेगळा, हा प्रकार आम्हा स्टोअरवाल्यांना नवा नाही.

तिकडे सैन्याची बांधणी अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडे होती. अर्थखात्याचे माजी मंत्री, आता सैन्याचे इन्स्पेक्टर जनरल. १७९९ मध्ये ते युद्धमंत्री मॅकहेन्री यांना कशाबद्दल लिहीत होते? टोप्यांबद्दल. ठरल्या होत्या तशा आल्याच नाहीत, एकाच बाजूने दुमडता येतात, वर लावायचा फीतबिल्लाही नाही! लोक याला किरकोळ तक्रार म्हणतात. आम्ही म्हणत नाही. टोपी चुकीची येते तेव्हा काडतुसंही मोजून घ्यावीत.

फ्रान्सशी तह झाला, भीती सरली. ८ नोव्हेंबर १८०० च्या रात्री वॉशिंग्टनमधलं युद्धखात्याचं कार्यालय जळालं आणि दफ्तरं खाक झाली. त्या दहा-पंधरा वर्षांत कोणी काय मागितलं, काय पाठवलं, याचा बराचसा लेखाजोखा त्यात गेला. आणि १८०२ मध्ये खर्च वाचवायला क्वार्टरमास्टरचं खातंच बंद केलं. दहा वर्षं त्याशिवाय काढली.

मग इंग्लंडशी बिनसलं. खातं पुन्हा उभं करायचा कायदा झाला २८ मार्च १८१२ ला, आणि युद्ध जाहीर झालं १८ जूनला. मधे तीन महिनेसुद्धा नाहीत. युद्धमंत्री युस्टिस यांच्या हाताखाली मूठभर कारकून. शंभर जोडे कुठे मिळतील, दोनशे टोप्या कुठे मिळतील यासाठी मंत्री किरकोळ दुकानदारांच्या जाहिराती वाचत बसतात, असं त्यांच्याच पक्षाच्या एका सिनेटरने चिडून लिहिलं.

त्यावेळी जनरल हल सैन्य घेऊन डेट्रॉइटकडे निघाले होते. युद्ध जाहीर झाल्याचं त्यांना कळवणारं पत्र साध्या टपालाने पाठवलं गेलं. ते मिळण्याआधीच हल यांनी औषधं, जड सामान आणि सैन्याच्या हजेरीपत्रकांसकट आपले कागद कायाहोगा नावाच्या एका जहाजात चढवून पुढे रवाना केले होते. इंग्रजांना मात्र बातमी आधीच पोहोचली होती. २ जुलैला त्यांनी जहाज अलगद ताब्यात घेतलं. पत्र हल यांच्या हातात पडलं त्याच दिवशी. १६ ऑगस्टला डेट्रॉइट गेलं.

समोरून वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे आणि मागे मुलांचा नाटकाचा पडदा लावायचा आहे.  गणपती बाप्पा मोरया!