नाथमाधव : कारखान्यातून कादंबरीकडे



युनियनवाल्याला साहित्यावर बोलायला का उभे केले, असे काहींना वाटत असेल. माझे शिक्षण थोडे. वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात. परंतु आजचा विषय आमच्याच गोतातला आहे. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजेच नाथमाधव, १८८२ साली मुंबईत जन्मले. मॅट्रिकपर्यंत शिकून ते कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात नोकरीला लागले.

१९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे अंग लुळे झाले. वय अवघे तेवीस! कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, राज्य विमा योजनेचा १९४८ मध्ये. आणि हा अपघात कामावरचा नव्हे. तेव्हा भरपाईचा कायदा असता तरी दमडी मिळती ना. उपचार झाले आपल्या शेजारी मिरजेस, डॉक्टर वॉन्लेस यांच्याकडे. थोडा आराम पडला. त्या आजारपणातच हातात लेखणी आली. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’, मग ‘सावळ्या तांडेल’, आणि १९१३ मध्ये ‘वीरधवल’.

‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांचे अद्भुताचे युग हरिभाऊ आपट्यांनी मागे टाकले होते. कादंबरी माजघरात आणून बसवली होती. नाथमाधवांनी तिला पुन्हा तलवारी, कपटकारस्थाने आणि नवलाईच्या मुलखात नेले. पंडितांनी नाक मुरडले, पण पोरांनी पुस्तकाची पाने सुटेपर्यंत वाचले. योगायोग फार आहेत, भाषा नटवी आहे, हे मलाही दिसते. पण ज्याला जिना उतरणे जड, त्याने कडेकपारीतून दौडणारी माणसे उभी केली, याला पळवाट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या कार्यकारिणीत एकदा सूचना आली, की कपाटात कायद्याची पुस्तके तेवढी ठेवावी, गोष्टी काढून टाकाव्या. मी विरोध केला. त्याच सुमारास एका कारखान्यातला विशीतला पोरगा प्रेसमध्ये दोन बोटे गमावून घरी बसला होता. भरपाईच्या अर्जावर सही करायला आला आणि जाताना ‘वीरधवल’ घेऊन गेला. आठ दिवसांनी परत आला. अर्जाचे काय झाले, हे विचारलेच नाही. म्हणाला, “आण्णा, ह्याच मानसाचं दुसरं काय हाय का?”

‘सोनेरी टोळी’ दिली. ती अजून परत आलेली नाही, आणि दंड लावायचा नाही असे मी परस्पर ठरवून टाकले आहे. अर्ज मात्र मंजूर झाला.